हाय-स्पीड बोर्डावर मेम्स ऑसिलेटर: माझं मत ‘हो’, पण डेटाशीटच्या पहिल्या पानावरून नव्हे

घड्याळजी (धागाकर्ता):

आमच्या रेडिओ रिसीव्हरच्या दुसऱ्या आवृत्तीचा बोर्ड या महिन्यात लेआउटला जातोय. मधोमध एफपीजीए (हवं तसं सर्किट भरता येणारी चिप), दोन १० गिगाबिट इथरनेट पोर्ट, पीसीआय एक्सप्रेस जेन ३ वर एक एसएसडी आणि ७० मेगाहर्ट्झ आयएफ (रिसीव्हरमधला मधल्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल) घेणारा १४ बिटांचा एडीसी (सिग्नलचे नमुने घेऊन आकडे करणारी चिप). हे सगळं गाडीच्या टपावरच्या पेटीत बसतं आणि उन्हाळ्यात विदर्भात फिरतं. मे महिन्यात दुपारी पेटीच्या आत ७५ अंश भरलेले मी स्वतः मोजलेत.

क्लॉक, म्हणजे चिपांना ठेका देणारे सिग्नल, तीन लागतात: इथरनेटला १५६.२५ मेगाहर्ट्झ, पीसीआयला १००, एडीसीला पुन्हा १५६.२५. टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, नेहमीचा क्वार्ट्झ (स्फटिकावर चालणारा ऑसिलेटर) घ्या, वाद मिटवा. माझं मत असं की तिन्ही जागी मेम्स (सिलिकॉनच्या सूक्ष्म कंपकावर चालणारा ऑसिलेटर) घ्यावा. मात्र निवडताना डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला जिटरचा (ठेका किती मागेपुढे होतो त्याचा) आकडा बाजूला ठेवावा आणि त्या क्लॉकचा रिसीव्हर नेमकं काय पाहतो तिथून सुरुवात करावी.

हे मला पहिल्या आवृत्तीने शिकवलं. तिथे एकच मेम्स ऑसिलेटर बफरमधून इथरनेटला आणि एडीसीलाही दिला होता. डेटाशीटवर जिटर ०.३ पिकोसेकंदांपेक्षा कमी. इथरनेट लिंक चार दिवस सलग चालवली, एकही चूक नाही. त्याच बोर्डावर एडीसीचा स्पेक्ट्रम उघडला तर सिग्नलच्या दोन्ही बाजूंना ५०० किलोहर्ट्झवर दोन सुळके उभे. बोर्डाचं व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टरही नेमका ५०० किलोहर्ट्झचा. क्लॉकवर मोजलं तर स्पर (असा नको असलेला सुळका) ‑७० डीबीसी, म्हणजे मूळ क्लॉकपेक्षा ७० डीबी खाली.

हिशोब करून पाहा. १५६.२५ मेगाहर्ट्झवर ‑७० डीबीसीचा एवढा एकच स्पर ०.४५ पिकोसेकंद जिटर देतो. म्हणजे डेटाशीटच्या संपूर्ण आकड्यापेक्षा जास्त, आणि तो डेटाशीटमध्ये दिसणारच नाही, कारण तिथलं मोजमाप स्वच्छ सप्लायवर केलेलं असतं. तरीही इथरनेट लिंकला त्याचा पत्ता नव्हता! १० गिगाबिट इथरनेटच्या रिसीव्हरमधला सीडीआर (आलेल्या डेटातूनच क्लॉक काढणारं सर्किट) साधारण ४ मेगाहर्ट्झच्या खालची हालचाल स्वतःच पाठलाग करून गिळतो. ५०० किलोहर्ट्झचा डोल त्याच्या दृष्टीने संथ. एडीसीला मात्र सीडीआर नसतो. क्लॉक जिथे हलला तिथे नमुना हलला.

एकच भाग, एकच दोष, आणि दोन रिसीव्हरांचे दोन निकाल. म्हणून माझा आग्रह असा की ‘मेम्स चांगला की क्वार्ट्झ’ याआधी ‘कुणासाठी’ हे ठरवा. तुमचे अनुभव आणि विरोध दोन्ही हवेत.

क्वार्ट्झनिष्ठ:

घड्याळजी, मोजमाप मन लावून केलंय, पण निष्कर्ष उलटा काढलाय असं वाटतं. तो स्पर आला कुठून? मेम्सच्या पोटातल्या पीएलएलमधून (एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरी बनवणाऱ्या सर्किटमधून).

सिलिकॉनचा रेझोनेटर तापमानाबरोबर अंशाला सुमारे ३० पीपीएम (दशलक्षांश) सरकतो. ० ते ७० अंशांत २,००० पीपीएमच्या वर. ते सावरायला आत तापमान सेन्सर लागतो, त्याच्यावरून फ्रॅक्शनल पीएलएलचा भागाकार सतत बदलावा लागतो, आणि त्या पीएलएलमध्ये व्हीसीओ (व्होल्टेजवर फ्रीक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) असतो. व्हीसीओ सप्लायच्या आवाजाला नाजूक असतो. एटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्वार्ट्झचा स्वभाव वेगळा: त्याचा वक्र तिसऱ्या घाताचा, नेहमीच्या वापराच्या तापमानात काही दहा पीपीएमच्या आत राहणारा. त्याला दुरुस्ती लागत नाही. स्फटिक, एक ॲम्प्लिफायर आणि आउटपुट. जेवढं कमी तेवढं निर्मळ.

मी वीस वर्षं बोर्ड करतोय. मेम्सच्या सुरुवातीच्या काळात दोन भाग घेतले होते, दोन्हींचा जिटर कित्येक पिकोसेकंद निघाला. तेव्हापासून तो नाद सोडला. तुमच्या एडीसीने तुम्हाला जे सांगितलं ते ऐका.

घड्याळजी:

क्वार्ट्झनिष्ठ, तुमच्या अनुभवाचा मान ठेवूनच लिहितो. सिलिकॉनबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. पण १५६.२५ मेगाहर्ट्झला ‘स्फटिक, ॲम्प्लिफायर, आउटपुट’ एवढं सरळ उरत नाही.

एटी-कटची फ्रीक्वेन्सी जाडीवर ठरते: मिलिमीटरमधली जाडी गुणिले मेगाहर्ट्झ म्हणजे सुमारे १.६७. २५ मेगाहर्ट्झला चकती ६७ मायक्रॉनची, हाताळता येते. १५६.२५ मूळ स्वरात हवे असतील तर जेमतेम ११ मायक्रॉन. त्यासाठी चकतीचा मधला भाग कोरून पातळ करावा लागतो, ते मोजके उत्पादक करतात आणि त्याची किंमत घेतात. नाहीतर तिसरा ओव्हरटोन, म्हणजे जाड चकती मूळ स्वराच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीवर चालवायची. किंवा, आणि बाजारात हेच जास्त दिसतं, आत कमी फ्रीक्वेन्सीचा स्फटिक आणि वर पीएलएल! दुकानात जो स्वस्त, कुठल्याही फ्रीक्वेन्सीला मिळणारा क्वार्ट्झ ऑसिलेटर असतो त्याच्या पोटातही तोच व्हीसीओ बसलेला असतो.

हे आम्ही करून पाहिलंय. त्याच पॅडवर एक क्वार्ट्झचा भाग बसवला. स्पर ६ डीबीने उतरला, गेला नाही. मग मूळ मेम्स परत बसवून त्याला वेगळा एलडीओ (सप्लाय स्वच्छ करणारा रेग्युलेटर) दिला, तेव्हा स्पर नॉइज फ्लोअरमध्ये (तळाच्या सपाट आवाजात) बुडाला. दोष आमच्या सप्लायचा होता.

सुरुवातीच्या मेम्सबद्दलही एक कारण आहे. तेव्हाचा रेझोनेटर ५ मेगाहर्ट्झच्या घरातला. तिथून १५६.२५ ला जायचं तर ३१ पट, म्हणजे फेज नॉइज (क्लॉकच्या आसपासचा आवाज, ज्यातून जिटर होतो) गुणाकारानेच ३० डीबी चढतो. नंतरचे रेझोनेटर ४८ मेगाहर्ट्झच्या आसपासचे, तिथून चढ १० डीबीचा. तुम्ही जो भाग मोजलात तो आज विकला जाणारा भाग नव्हे.

नवशिकी:

मी दुसऱ्याच वर्षाला आहे या कामात, त्यामुळे प्रश्न साधा आहे. प्रत्येक डेटाशीटवर जिटर ‘१२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ’ असाच का दिलेला असतो? माझ्या बोर्डावर २५ मेगाहर्ट्झचा साधा गिगाबिट फाय (इथरनेटची तार जोडणारी चिप) आहे. मी हाच आकडा बघू का?

आरएफवाली:

नवशिकी, प्रश्न साधा नाही, अगदी मुळावरचा आहे. ती पट्टी सोनेट या टेलिफोन-जाळ्यांच्या ऑप्टिकल मानकाकडून आली. ओसी-४८ या २.५ गिगाबिटच्या ऑप्टिकल लिंकसाठी ती ठरली आणि पुढे सगळ्या ऑसिलेटरांची सामायिक फूटपट्टी होऊन बसली. तुलना करायला सोयीची, एवढंच तिचं काम.

तुझ्या गिगाबिट फायला ±१०० पीपीएमच्या आतला २५ मेगाहर्ट्झ आणि फायच्या डेटाशीटने मागितलेला जिटर पुरे. तिथे साधा स्फटिकही चालतो, फक्त लोड कपॅसिटर नीट काढ. ट्रेस आणि पिनची कपॅसिटन्स हिशोबात धरायची राहते आणि मग क्लॉक ३०-४० पीपीएम बाजूला बसतो, हे फार पाहिलंय.

आता घड्याळजींशी भांडते. ‘रिसीव्हर काय पाहतो ते आधी’ हे मान्य, पण मग एडीसीच्या बाबतीत तेच शेवटपर्यंत न्या. इनपुट ७० मेगाहर्ट्झ असताना क्लॉकचा जिटर ०.३ पिकोसेकंद असेल तर नुसत्या त्यानेच एसएनआरची (सिग्नल आणि आवाजाच्या गुणोत्तराची) कमाल ७७.६ डीबी होते. तुमचा १४ बिटांचा एडीसी स्वतः ७२ डीबीचा धरला तर दोन्ही मिळून ७०.९. एक डीबीहून जास्त तुम्ही क्लॉकला वाहिलात. ०.१ पिकोसेकंदाचा क्लॉक घेतलात तर ७१.९, म्हणजे नुकसान जवळपास शून्य.

आणि तो ०.१ कुठून कुठपर्यंत मोजायचा? एडीसीला वरची हद्द २० मेगाहर्ट्झ नसते. दूरचा सपाट नॉइज क्लॉक इनपुटच्या बँडविड्थपर्यंत सगळा आत येतो आणि घडी पडून तुमच्या बँडमध्येच बसतो. खालच्या बाजूला तुम्ही शेजारशेजारचे चॅनल वेगळे करता, त्यामुळे १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झवरचा फेज नॉइजही मोजावा लागेल. या दोन्ही टोकांना चांगला ओव्हरटोन क्वार्ट्झ अजून पुढे आहे. इथरनेट आणि पीसीआयला मेम्स जरूर घ्या. एडीसीला नको. माझं मत पक्कं आहे.

चाकणकर:

आरएफवाली, गणित टेबलावरच्या बोर्डाचं मांडलंत. यांचा बोर्ड गाडीच्या टपावर आहे. मी प्रेस शॉपमधल्या मशीनचे बोर्ड करतो, कंपन हा माझा रोजचा विषय.

साध्या क्वार्ट्झ ऑसिलेटरची कंपनाला संवेदनशीलता एका जीला (गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाला) १ पीपीबीच्या (अब्जांशाच्या) आसपास धरतात. टपावर १०० हर्ट्झचं एक जी कंपन असेल तर १५६.२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर १०० हर्ट्झ अंतरावर ‑६२ डीबीसीचा सुळका येतो. मेम्सचा रेझोनेटर वस्तुमानाने नगण्य, चांगल्या भागात हा आकडा ०.१ पीपीबीपर्यंत उतरतो, म्हणजे ‑८२. ज्या ठिकाणी तुम्ही क्वार्ट्झचा फेज नॉइज कमी म्हणताय, नेमक्या त्याच ठिकाणी गाडी सुरू झाली की तो फायदा संपतो.

धक्क्याचंही तसंच. मेम्सला १०,००० जी आणि वरचं रेटिंग सहज मिळतं. आमच्याकडे क्वार्ट्झ तुटून परत आलेले बोर्ड आहेत. वरून भाग अगदी धडधाकट दिसतो, आउटपुटच नसतो.

आरएफवाली:

कंपनाचा मुद्दा मी मोजला नव्हता, तो घेते. इनपुट ७० असल्याने एडीसीवर तो सुळका क्लॉकपेक्षा ७ डीबीने खाली दिसेल, म्हणजे ‑६९. तरीही या रिसीव्हरसाठी वाईटच.

पण मग कमी जी-संवेदनशीलतेचे क्वार्ट्झही मिळतात, आणि बोर्डाखाली रबरी माउंट घालता येतात. घड्याळजी, तुम्ही गाडी चालू असताना मोजमाप करता की थांबून?

घड्याळजी:

दोन्ही. आणि चालू असताना डिझेल इंजिनचं कंपन ३० ते २०० हर्ट्झमध्येच भरलेलं असतं.

खरेदीखातं:

मी डिझाइनर नाही, या सगळ्यांनी ठरवलेले भाग आणण्याचं काम माझं. म्हणून वेगळं बोलतो.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएम या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली. लोकांना आठवतात ते ऑडिओचे चिप. पण टीसीएक्सओच्या (तापमानाची भरपाई करणाऱ्या क्वार्ट्झ ऑसिलेटरच्या) आत बसणारे आयसीही तिथेच व्हायचे, आणि स्फटिक हातात असूनही टीसीएक्सओ मिळेनासे झाले. ‘क्वार्ट्झ कुठेही मिळतो’ हे २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाबद्दल खरं. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतही मिळेल. १५६.२५ च्या एलव्हीडीएस (दोन तारांवर आउटपुट देणाऱ्या) ऑसिलेटरबद्दल ते खरं नाही.

उलट मेम्सचीही अडचण सांगतो. मोठे उत्पादक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. सायटाइम एक, आणि डिस्केराचा वारसा मायक्रेलमार्गे २०१५ मध्ये मायक्रोचिपकडे गेला तो दुसरा. एकाच्या भागावर बोर्ड बांधला आणि त्याने पुरवठा लांबवला तर आमच्या हातात काही उरत नाही. त्यामुळे कुठलाही घ्या, पण ३.२ × २.५ मिलिमीटरचा सहा पायांचा सामायिक आकार घ्या आणि पायांची जुळणी स्वतः तपासा. आउटपुट एनेबल (आउटपुट चालू-बंद करणारा पाय) कुणाच्या पहिल्या पायावर असतो, कुणाच्या दुसऱ्या. आमच्याकडे एका लॉटमध्ये पर्यायी भाग बसवला आणि सगळे बोर्ड मुके निघाले. दोन शून्य ओहमच्या रोधकांची जागा ठेवली असती तर ते टळलं असतं.

मेम्सचा एक फायदा मात्र माझ्या टेबलावर रोज दिसतो. कोरा भाग साठ्यात ठेवायचा आणि लागेल ती फ्रीक्वेन्सी, व्होल्टेज, आउटपुट प्रोग्रामरवर भरायचा. क्वार्ट्झची वेगळी फ्रीक्वेन्सी मागितली की कित्येक आठवडे थांबा.

सान_होजेकर:

हेलियमचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका रुग्णालयात एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळला आणि इमारतीतले बरेच आयफोन आणि ॲपल वॉच बंद पडले. अँड्रॉइडचे फोन चालू होते. संशय ३२ किलोहर्ट्झच्या मेम्स ऑसिलेटरवर गेला: हेलियमचा अणू इतका लहान की तो रेझोनेटरच्या निर्वात पोकळीत शिरतो आणि कंपनाला ब्रेक लागतो. पुढे काही दिवसांत बहुतेक फोन आपोआप सुरू झाले.

घड्याळजींच्या गाडीला याचा धोका नाही. पण इथे वाचणाऱ्यांपैकी कुणी एमआरआयच्या खोलीसाठी, हेलियमने गळती तपासणाऱ्या यंत्रासाठी किंवा हेलियमचे सिलिंडर भरण्याच्या जागेसाठी बोर्ड करत असेल, तर त्याने उत्पादकाला हेलियमबद्दल लेखी विचारावं. काही नव्या मालिका हेलियमला दाद देत नाहीत असं उत्पादक सांगतात. त्यांच्याकडून चाचणीचा अहवाल मागा.

क्वार्ट्झनिष्ठ:

घड्याळजी, ११ मायक्रॉनचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. मी बहुतेक वेळा २५ आणि ५० मेगाहर्ट्झच्या जगात राहिलो, तिथे माझं म्हणणं अजूनही टिकतं.

पण तुमच्या ‘वेगळा एलडीओ दिला’ या वाक्यावर थांबा, कारण वाचणारे त्याऐवजी फेराइट बीड (सप्लायचा आवाज अडवणारा छोटा चुंबकीय भाग) घालून मोकळे होतील. ५०० किलोहर्ट्झला बीड जवळपास तारच असतो. त्याचा प्रतिरोध दहा-वीस मेगाहर्ट्झनंतर चढतो. शिवाय बीड आणि कपॅसिटर मिळून नेमका त्याच भागात रेझोनन्स करून आवाज वाढवूही शकतात. आणि एलडीओचा पीएसआरआर (सप्लायचा आवाज किती अडवतो तो आकडा) १ किलोहर्ट्झचा छापलेला असतो, ५०० किलोहर्ट्झला तो किती उरतो ते आलेखावर बघावं लागतं. आलेख नसेल तर तो एलडीओ घेऊ नये.

आणखी एक. पीसीआयचं कुणी बोललं नाही.

घड्याळजी:

बीडबद्दल पूर्ण सहमत. आम्ही आधी बीडच लावला होता, काहीही फरक पडला नाही. नंतर जो एलडीओ घेतला त्याचा पीएसआरआर ५०० किलोहर्ट्झला ५० डीबीच्या वर आहे.

पीसीआयचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण तिथे मला सर्वांत कमी चिंता आहे. जिटरची जेन ३ ची मर्यादा १ पिकोसेकंद, जेन ४ ची ०.५, जेन ५ ला ती ०.१५ होते. ती मर्यादा पीसीआयचे फिल्टर लावल्यानंतरची. दोन्ही टोकांना एकच क्लॉक जात असल्याने संथ हालचाल दोघांत सारखी येते आणि वजा होते. जेन ३ ला चांगल्या मेम्समध्ये भरपूर सवलत उरते. रेडिओ उत्सर्जनाच्या (ईएमआय) चाचणीसाठी स्प्रेड स्पेक्ट्रम (क्लॉकची फ्रीक्वेन्सी मुद्दाम थोडी डोलवणं) हवा असेल तर ‑०.५ टक्के, ३० ते ३३ किलोहर्ट्झ, तोही मेम्समध्ये प्रोग्राम करता येतो. फक्त तो १०० मेगाहर्ट्झ दुसऱ्या कुणाला वाटून द्यायचा नाही. इथरनेटला स्प्रेड चालत नाही, एडीसीला तर नाहीच.

दोन आउटपुटचा एचसीएसएल (पीसीआयच्या क्लॉकसाठी वापरला जाणारा दोन तारांचा आउटपुट प्रकार) भाग घेतोय, एक एफपीजीएला, एक एसएसडीला. भागाच्या आत टर्मिनेशन नसेल तर प्रत्येक तारेला जमिनीकडे ५० ओहम. एलव्हीडीएसला रिसीव्हरजवळ १०० ओहम आरपार. या दोन्हींची अदलाबदल झालेला बोर्ड मी पाहिलाय, आउटपुट येतो पण अर्ध्या उंचीचा, आणि लिंक कधी जुळते, कधी नाही.

आरएफवाली:

मग एडीसीचं काय ठरवलंत? मी विरोध मागे घेतलेला नाही. अर्धाच घेतलाय.

घड्याळजी:

तुमचा विरोध आज दिवसभर डोक्यात होता. एक चूक कबूल करतो: ‘तिन्ही जागी मेम्स’ हे मी एडीसीचा दूरचा नॉइज फ्लोअर न बघता लिहिलं. संध्याकाळी निवडलेल्या भागाचा आलेख पुन्हा उघडला. २० मेगाहर्ट्झच्या पुढे तो ‑१५५ डीबीसी प्रति हर्ट्झच्या जवळ सपाट होतो. चांगला ओव्हरटोन क्वार्ट्झ तिथे दहा डीबी खाली असू शकतो.

इथरनेट आणि पीसीआय मेम्सवर, हे आता बदलणार नाही. एडीसीसाठी ३.२ × २.५ चा सहा पायांचा एकच पॅड ठेवतोय, आउटपुट एनेबलसाठी पहिल्या आणि दुसऱ्या पायाला रोधकांची जागा, स्वतःचा एलडीओ, आणि क्लॉकच्या वाटेत अरुंद बँडपास फिल्टरसाठी जागा. पहिल्या दहा बोर्डांपैकी पाचांवर मेम्स, पाचांवर कमी जी-संवेदनशीलतेचा ओव्हरटोन क्वार्ट्झ. दोन्ही आधी टेबलावर, मग इंजिन चालू करून गाडीच्या टपावर.

चाकणकर:

टपावर ॲक्सिलरोमीटर बोर्डालाच चिकटवा, पेटीला नको. पेटी आणि बोर्ड वेगवेगळे थरथरतात.

आरएफवाली:

आणि इंजिन फक्त रिकामं चालवून थांबू नका. आरपीएम हळूहळू चढवा, बोर्डाचा स्वतःचा रेझोनन्स कुठे येतो ते त्यातच सापडेल. स्पेक्ट्रम इथे टाका, दोन्ही भागांचे. क्वार्ट्झ हरला तर मी इथेच लिहीन.